डाव्या अंगाचे दिवे

डोहवाडी, पो. सोनपेठ
९ फेब्रुवारी १९८५

बाळ वाल्मीक,

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही पोचलं. माझ्या वैजीनाथनं फोटो देवळीत लावलाय. गल्लीतल्या बाया येऊन बघतात अन् म्हणतात, भाचा विलायतेला जाऊन चाकाचं टेबल ढकलायलाय. मी सांगते, ढकलत नाही बायांनो, ते आपलं आपण चालतंय. त्यावर धुरपता म्हणाली, "मंग ह्यो कशाला लागतोय तिथं?"  तू कळव.

आता खरं लिहिते. तुझ्या मामांना चकवा लागायलाय. तू शिकलासवरलास, हसशील. पण आधी ऐक.

सोनपेठचा बाजार करून मामा दिवेलागणीला गाडी घेऊन निघतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ह्याच वाटेनं येतात. ओढ्यापाशी दोन फाटे फुटतात ते तुला आठवत असतील. डावा आपल्या गावाला. उजवा गायरानाला वळसा घालून फिरून त्याच ओढ्यावर येतो, आणि मधून त्याला एक उतार फुटतो तो गोदावरीच्या डोहाला. ह्या हिवाळ्यात पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस. म्हणाले, लय येळ फिरलो, ओढाच सरंना. आम्ही हसलो. दुसऱ्यांदा हसलो नाही. तिसऱ्यांदा वैजीनाथ बॅटरी घेऊन शोधायला गेला, तर गाडी डोहात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, आणि हे वर बसून बैलांना चुचकारत होते, "आलं, आलं, घर आलं."

तेव्हापासून माणूस घराबाहेर पडत नाही. शेताकडं जायचं नाव काढत नाही. ताटातली भाकर तशीच ठेवतो. गावात म्हणतात चौथ्यांदा लागला की ठेवूनच घेतो. वैजीनाथ म्हणतो, सांजेला बाजेला बांधून ठेवू. नवऱ्याला दावं लावायचं वय आहे का माझं?

तुझं गाडं वाट चुकलं तर तू काय करतोस, तेवढं सांग.

तुझी मामी
नर्मदाबाई

*

ग्लासगो
३ मार्च १९८५

मामी,

पाया पडतो. हसलो नाही. कारण आमच्या यंत्राला रोज चकवा लागतो, आणि त्याच्यापायीच मला पगार मिळतो. धुरपतामावशीला हेच सांग.

यंत्राला वाट ठाऊक नसते, मामी. त्याला खुणा ठाऊक असतात. वटवाघळासारखा आवाज सोडतं, परत आलेल्या आवाजावरून भिंत किती लांब ते ओळखतं, आणि एक-एक खूण मनात धरून आपला नकाशा आपण काढतं. मागच्या महिन्यात आमच्या लांब ओसरीतलं एक लाल कपाट झाडणाऱ्यानं हलवलं. झालं. यंत्र त्या कपाटाच्या जागी वळायचं. ते दिसेना म्हणून पुढं गेलं, फिरून पहिल्याच दारापाशी आलं, आणि ते दार नवीन आहे असं समजून नकाशात मांडलं. पुन्हा फिरलं, पुन्हा मांडलं. सकाळी बघतो तर नकाशात एकाच दाराची ओळच्या ओळ. नसलेली दारं. 

म्हणून विचारतो, मामाची कोणती खूण हरवली? मी लहानपणी गाडीत पुढं बसायचो. मामा निम्म्या वाटेत डुलकी घ्यायचा, पण ओढा आला की मान वर करायचा. आपलं गाव खोलगटात, त्याचे दिवे वेशीत शिरेपर्यंत दिसत नाहीत. दिसायचे ते टेकाडावरच्या बौद्धवाड्याचे. मामा म्हणायचा, "दिवे डाव्या अंगाला आले की वळायचं, बाकी डोळे मिटून."

ते दिवे त्याला दिसत नसतील तर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार. परभणीला शिबिर असतं, तिथं ने. आणि हौश्या बैल कसा आहे? मी यंत्राचं नाव हौश्या ठेवलंय. इथले लोक 'हाऊशा' म्हणतात.

तुझा
वाल्मीक

*

डोहवाडी
१४ एप्रिल १९८५

बाळ वाल्मीक,

तुझ्या सांगण्यावरून डोळे दाखवून आणले. येष्टीत बसायलाच तयार नव्हते. म्हटलं, गाडी डायवर हाकणार आहे, चकवा लागला तर त्याला लागंल. तेव्हा कुठं पाय उचलला.

तिथं भिंतीवर कंगव्याच्या दातांसारखी खूण लावलेली. दात कुणीकडं तोंड करून आहेत ते हातानं दाखवायचं. मामांनी खालच्या ओळीपर्यंत बिनचूक दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत." मामा म्हणाले, "मंग मला दिसत का न्हाई, सायेब?" डॉक्टरांनी विचारलं, काय दिसत नाही? ह्यांनी टोपी घातली. मी पिशवी उचलली. बाहेर ओळीत माणसं खोळंबली होती.

हौश्या पोळ्याच्या आधी गेला. उभ्या उभ्या बसला तो उठलाच नाही. त्याच्या जोडीचा एकटा जुवाला मान लावीना, म्हणून विकला. आता वालूरच्या बाजारातनं आणलेली जोडी आहे. तरणी आहेत, पण आपल्या अंगानं वाट धरायला शिकलेली नाहीत.

वैजीनाथनं एक बुवा आणला होता. तो ओढ्यापाशी नुसता उभा राहिला, वाकून माती हुंगली आणि म्हणाला, हा बाईमाणसाचा चकवा आहे, काळी कोंबडी मागतोय. वैजीनाथनं दिली. बुवा कोंबडी घेऊन सोनपेठला गेला. त्याला वाट बरोबर सापडली.

ऊन फार आहे. तिकडं म्हणे अजून थंडीच आहे. कान बांधत जा.

नर्मदामामी

*

ग्लासगो
२० मे १९८५

मामी,

हौश्या गेल्याचं वाचून दिवसभर काम सुचलं नाही. पण त्यातूनच एक गोष्ट उलगडली. इतकी वर्षं मामाला घरी कोण आणत होतं? तो जुना बैल. ओढा आला की त्याचे पाय आपोआप डावीकडं वळत. मामानं मान वर केली काय, न केली काय, गाडी घरीच यायची. नवी जोडी वाट जाणत नाही. म्हणजे मामाला खुणेची खरी गरज ह्याच हिवाळ्यात पडली, आणि ती त्याला सापडली नाही.

डोळे चांगले आहेत. दिवे टेकाडावर आहेत. मग दिसत का नाहीत? मधे कुणी माडी बांधली का? झाडी वाढली का? मी मागच्या पत्रात दिव्यांचा विषय काढला होता, तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस.

एक आनंदाची बातमी. माझा निबंध छापायला घेतला आहे. यंत्रानं कुठल्या खुणेवर विसंबावं आणि किती, ह्याचं गणित त्यात आहे. सुरुवातीला उदाहरण म्हणून आपली वाट घातली: एक माणूस बैलगाडीतून संध्याकाळी घरी येतो, टेकाडावरच्या वस्तीचे दिवे डाव्या हाताला आले की वळतो, आणि ते दिवे तो मोजतही नाही. माझ्या वरच्या साहेबांना गणितापेक्षा ते दिवेच जास्त आवडले.

दिव्यांचं कळव.

वाल्मीक

*

डोहवाडी
२ नोव्हेंबर १९८५

वाल्मीक,

पाच महिने तुझं पत्र फडताळात होतं. रोज भाकरी थापायला बसले की वाटायचं, आज लिहिते. कसं लिहू ते सुचत नव्हतं. मी वाचायला शिकले ते पंचांगावर आणि बियाण्याच्या पिशव्यांवर. असलं कुठं लिहिलेलं वाचलं नाही.

ते दिवे नाहीत, बाळा. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं, तेव्हा बौद्धवाडा जाळला. बाहेरची माणसं आली होती, गावातली त्यांना मिळाली. बाकीच्या घरांची दारं लागली. माणूस कुणी मेला नाही, एवढंच. शेजारच्या मळ्यातल्या उभ्या ज्वारीत लेकरं घेऊन बसली होती, उजाडल्यावर तशीच चालत गेली. पुढं परभणीला राहिली म्हणतात. गावातल्या कुणाचं पोरगं त्या विद्यापीठात शिकत नव्हतं. एकच शिकत होतं, ते बायनाबाईचं भुजंग. त्याचंच घर आधी पेटलं.

तू तेव्हा विलायतेला निघायच्या गडबडीत होतास. मधे आलास तो वालूरला, आईच्या दहाव्याला, आणि तिथूनच परत गेलास. तुला कुणी कळवलं नाही. इथं आपसातही कुणी बोलत नाही. मला वाटलं होतं तू विसरला असशील. तू तर त्यांचे दिवे पुस्तकात घातलेस.

काल तुझं पत्र मामांना वाचून दाखवलं. चिलीम खाली ठेवली. मग म्हणाले, "दिवे न्हाईत व्हय तिथं?" मी म्हटलं, अहो, जळताना बघितलं की आपण. म्हणाले, "बघितलं. पर मान आजून तिकडंच वळती."

तीन वेळा चकव्यात सापडलेला माणूस दिव्यांची वाट बघत चालला होता. आता सांग, ह्यावर तुमच्यात काय इलाज करतात?

मामी

*

ग्लासगो
८ डिसेंबर १९८५

मामी,

बायनाबाईच्या दारातली बोरं मी खाल्लेली आहेत. भुजंगनं मला डोहात पोहायला शिकवलं. आणि मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही की ते कसे आहेत. फक्त दिवे आठवले, तेही माझ्या कामासाठी.

निबंध छापून आला. मला वाटलं होतं चार माणसं वाचतील. दोन-तीन देशांतून पत्रं आली. एकानं विचारलं आहे, दिवे रॉकेलचे होते की विजेचे, कारण उजेड किती लांबून दिसतो त्यावर त्याचं गणित अवलंबून आहे. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी लाकडी फळीवर टेकाड करून बारीक बल्ब लावलेत आणि त्यांचं यंत्र त्या दिव्यांवर वळतं. त्याचा फोटो पाठवला. मी तो टेबलाच्या खणात पालथा ठेवलाय. मामी, तिकडं ते दिवे अजून लागतात.

इलाज विचारलास. यंत्राचं मी काय करीन ते सांगतो: हरवलेल्या खुणेच्या जागी दुसरी खूण ठेवीन. बाजाराच्या दिवशी टेकाडावर एक कंदील टांग. मामाची मान वळेल, तिला काहीतरी दिसलं पाहिजे.

वाल्मीक

*

डोहवाडी
२३ मार्च १९८६

बाळ वाल्मीक,

कंदील लावला. वैजीनाथ नको म्हणत होता, म्हणून मीच गेले. टेकाडावर आता वेड्या बाभळी माजल्यात. पायाखाली खापरं, एका ठिकाणी चुलीचे दगड तसेच. तिथंच काठी रोवून कंदील टांगला. बाजारच्या दिवशी मामांना हातापाया पडून पाठवलं. दिवेलागण झाली, आणि बाळा, गाडी सरळ दारात आली. त्या दिवशी दीड भाकर जेवले. झोपताना म्हणाले, "बाई, दिवा लागलाय तिकडं." मी म्हटलं, मीच लावलाय. म्हणाले, "माहीत हाय. तरी बरं वाटलं."

चार बाजार असे गोडीनं गेले. मग गाव बिथरलं. टेकाडावर दिवा दिसतो म्हणून माणसं सांजेची बाहेर पडेनात. पाटलाच्या घरचा एक गडी तापानं फणफणला, बरळायला लागला, "आले, परत आले." मी पारावर जाऊन सांगितलं, कंदील माझा आहे, काचेवर माझ्या घरची काजळी आहे. ऐकून घेतलं सगळ्यांनी. एक जण म्हणाला, "तुमचा एक आसंल हो काकी. बाकीचे कुनाचे?" मी एकच लावला होता रे.

ते ऐकून मला राहवलं नाही. परभणीला जाऊन बायनाबाईचं घर शोधलं. पत्र्याची खोली आहे, स्वच्छ. ती दारात डाळ निवडत बसली होती. मला ओळखलं. म्हणाली, "बसा नर्मदाबाई. पानी घेनार का आमच्यातलं?" मी घेतलं. मग सगळं सांगितलं, डोहाचं, हौश्याचं, तुझ्या निबंधाचं, कंदिलाचं. तिचा हात सुपात चालूच.

"मंजी आमच्या दिव्यावर तुमी घरी येत होता."

"व्हय."

"हे आमाला कुनी कदी सांगितलं न्हाई." मग जराशानं म्हणाली, "तुमच्या किशनरावानं आमचं दार कदी वळखलं न्हाई. दिवा बराबर वळखला."

मी म्हटलं, बायनाबाई, परत या. जागा तशीच आहे. भुजंग आतून आला, चष्मा लागलाय त्याला, शाळेत मास्तर आहे. म्हणाला, "कशाला मामी? वाट दाखवायला?"

"भुजंग, गप रे. ती येष्टीचे धक्के खात आलीय," असं म्हणून बायनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मला विचारलं, कंदील नेमका कुठं टांगला? मी चुलीच्या दगडांचं सांगितलं. तिनं विचारलं, दगडांच्या उगवतीला रांजणाचं खापर हाय का? म्हटलं, हाय.

"मंग ते माझं घर हाय. माझ्या घरात दुसऱ्यानं दिवा लावलेला मला चालायचा न्हाई. काढून टाका."

निघताना तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला आणि तुझं विचारलं, पोहायला येतंय का आजून त्याला म्हणून.

घरी येऊन मामांना सांगितलं, जसंच्या तसं. ते काठी घेऊन उठले, टेकाडावर गेले आणि कंदील काढून आणला. काच पुसली आणि वळचणीला ठेवून दिला. आता परवा बाजार आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मामी

*

ग्लासगो
५ डिसेंबर १९९३

मामी,

आपली पत्रं वर्षाला एकावर आली, ती माझ्या आळसानं. मामाचं तू दर वेळी 'बरं आहे' एवढंच लिहितेस, आणि मीही तेवढ्यावर भागवतो. आज विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

मागं मी मासिकाला दुरुस्ती पाठवली होती, हे तुला लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की उदाहरणातली वस्ती निबंधाच्या सात वर्षं आधीच जाळली गेली, लेखकाला माहीत नव्हतं. संपादकांचं सभ्य उत्तर आलं: गणितात चूक नाही, त्यामुळे दुरुस्ती छापण्याचं कारण दिसत नाही. तो निबंध आता शेकडो जणांनी आधाराला घेतलाय. खाणीत, बंदरात, गोदामात माणसाशिवाय चालणारी गाडी कुठंतरी तो हिशोब वापरते. शिकवताना त्याला 'गावच्या दिव्यांचा प्रश्न' म्हणतात. मी भाषणात खरं सांगतो. लोक माना हलवतात आणि मग गणितावर प्रश्न विचारतात.

आता ह्या विषयावर एक मोठं पुस्तक निघतंय, आणि मुखपृष्ठावर त्यांना त्या दिव्यांचा फोटो हवाय. मी काय पाठवू? आणि मामा बाजाराला जातो का? गेला तर येतो कसा? मधल्या काळात तिथं चुना लावलेला दगड तरी बसवायचा, असं मला वाटत होतं.

वाल्मीक

*

डोहवाडी
६ फेब्रुवारी १९९४

बाळ वाल्मीक,

'बरं आहे' म्हणजे काय ते आता लिहिते.

कंदील काढला त्याच्या पुढच्याच बाजाराला मामा गेले. मी आडवी झाले, म्हटलं, आता दिवा नाही. म्हणाले, "न्हाई, एवढं ठावं झालं की आता." ओढ्यापाशी आले की गाडीतनं उतरतात. बैलांच्या पुढं होऊन चालत टेकाडापाशी जातात. तिथं उभे राहतात, कधी चिलीम ओढायला लागतो तेवढा वेळ, कधी फार. मग गाडी वळवून घरी. आजवर एकदाही चुकले नाहीत. चुन्याचा दगड बसवायला मी एकदा म्हटलं होतं, तर म्हणाले, "कुनाच्या घरात बसवतीस?"

पण गावाचं तसं नाही. कंदील काढून आठ वर्षं होत आली, आणि लोकांना दिवे दिसायलेत. आधी एक म्हणत, आता ओळीनं म्हणतात. ज्यांचा जन्म त्या सालानंतरचा, त्या पोरांनाही दिसतात. कुणी म्हणतं खालून तिसरा मोठा असतो, कुणी म्हणतं चुलीचा वास येतो. रोजगार हमीतनं सोनपेठची सडक मंजूर झाली, तेव्हा सगळ्या गावानं अंगठे दिले की जुन्या वाटेनं नको. गायरानाला वळसा घालून नेली, डोहाच्या अंगानं. अर्धा कोस वाढला. माणसं तेवढं जास्तीचं चालतात आणि कुणी कुरकुरत नाही.

मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. गावात सांजेला दारं नेहमीपेक्षा आधी लागली, तेवढंच. भुजंगचं कार्ड आलं. आई गेली, दोन वर्षं झाली. नाव बघायला ती पाहिजे होती, असं लिहिलंय. मामांना वाचून दाखवलं.

फोटोचं विचारलंस. वैजीनाथच्या पोराकडं कॅमेरा आहे, टेकाडाचा काढून पाठवील. त्यात बाभळी येतील. तुझ्या पुस्तकवाल्यांना दिवेच पाहिजे असतील तर त्यांना इकडंच पाठव. गावातली दहा माणसं पोराबाळांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतील, दिवे आहेत. तुझा निबंध खोटा पाडणारा इथं एकच माणूस आहे.

काल बाजार होता. सगळ्या गाड्या नव्या सडकेनं लांबून गेल्या, घुंगरांचा आवाज डोहाकडून आला आणि गावात विरला. तुझे मामा त्यांच्या मागून एकटे जुन्या वाटेनं आले. बैल सोडताना मी विचारलं, काही दिसलं का? म्हणाले, "दिसायला तिथं काय हाय?" हातपाय धुतले नाहीत. उंबऱ्यावर बसले, टेकाडाकडं तोंड करून. मी दोनदा हाक मारली. भाकर निवून गेली, तरी आत आले नाहीत.

तुझी
नर्मदामामी